निरंक

सरकारी मराठीत एक शब्द मला फार आवडतो : निरंक. ज्या रकान्यात सांगण्यासारखं काही नसतं, तिथे कारकून तो लिहितो. थकबाकी निरंक, बोजा निरंक, तक्रार निरंक. चारित्र्य पडताळणीच्या दाखल्यावर पोलिसांच्या अभिलेखापुढे हा शब्द आला की पुढची दारं उघडतात. खोपोलीपासून पाताळगंगेपर्यंतच्या कारखान्यांचं गेट असो, चौकच्या बाजूची गोदामं असोत, नाहीतर कर्जत-नेरळच्या आसपास उभ्या राहिलेल्या शेकडो फार्महाउसांची राखणदारी असो, कामावर घेण्याआधी हा दाखला मागतात. इथल्या भाषेत सांगायचं तर, ‘आधी पोलिसांचा कागद आण, मग बोलू.’

गेल्या वैशाखात खालापूर तालुक्यातल्या एका ठाकरवाडीतला मुलगा हा कागद घेऊन माझ्याकडे आला. वय बावीस. बारावी झालेला, दोन वर्षं पावसाळ्यात भातशेती आणि उन्हाळ्यात मिळेल ते काम, असं चाललेलं. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी शर्टाच्या आत पोटाशी. घामाने पिशवी आतून ओली झाली होती, कागद मात्र कोरडा होता. त्यावर निरंक नव्हतं. एक गुन्हा रजिस्टर नंबर, त्यापुढे ‘महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा कलम १२(अ)’ आणि त्यापुढे ‘शिक्षा’.

“काका, मला शिक्षा कधी झाली?” त्याने विचारलं.

तो थट्टा करत नव्हता. शिक्षा झालीय हे त्याला खरंच माहीत नव्हतं.

झालं होतं ते एवढंच. तो एकोणीस वर्षांचा असताना गौरी-गणपतीच्या जागरणाला रस्त्याकडेच्या देवळामागे सात-आठ जण तीनपत्ती खेळत बसले होते. कोकणात त्या रात्री पत्ते खेळणं म्हणजे गुन्हा करणं, असं कुणाच्या मनातही येत नाही. कायद्याच्या मनात येतं, आणि कायदा आहे १८८७ चा. धाड पडली. पुठ्ठ्यावरची रोकड, पत्त्यांचा कॅट आणि एक मेणबत्ती असा मुद्देमाल जप्त झाला. सगळ्यांना नोटीस देऊन सोडलं. सात-आठ महिन्यांनी समन्स आलं. तालुक्याच्या कोर्टात त्या दिवशी आणलेला वकील सगळ्यांना मिळून म्हणाला, “कबूल करून टाका, दोनशे रुपये दंड होईल, आजच्या आज मोकळे व्हाल.” साहेबांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का? सगळे म्हणाले, आहे साहेब. दोनशे रुपये दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कैद.

ही ‘कोर्ट उठेपर्यंत’ची शिक्षा ज्यांनी पाहिली नसेल त्यांना तिचं स्वरूप कळणार नाही. कोठडी नसते, बेड्या नसतात. मागच्या बाकावर बसायचं, एवढंच. पंखा फिरत असतो, शिपाई नावं पुकारत असतो, पुढच्या तारखा पडत असतात. जेवणाच्या सुट्टीत कुणी वडापाव आणून देतो. संध्याकाळी न्यायाधीश उठले की तुम्हीही उठायचं आणि एसटी पकडायची. या मुलाच्या लेखी तो एक फुकट गेलेला रोज होता, दंडाचे दोनशे आणि बुडालेली मजुरी वेगळी. कागदाच्या लेखी मात्र तो त्या दिवसापासून दोषसिद्ध गुन्हेगार आहे. आणि भारतात प्रौढ माणसाची दोषसिद्धी ठरावीक काळानंतर आपोआप पुसणारा किंवा झाकून ठेवणारा कायदा नाही. केंद्राचा नाही, महाराष्ट्राचाही नाही.

या लेखात मला हेच सांगायचं आहे. आपल्याकडे गुन्ह्याची शिक्षा मोजून मिळते, पण तिच्या नोंदीला शेवट नाही. ज्या कबुलीला आपण सुटका समजतो, तीच पुढे आयुष्यभर गळ्यात राहते.

एखाद्या खासदाराला किंवा आमदाराला दोन वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षा झाली, तर १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८ प्रमाणे तो अपात्र ठरतो. ही अपात्रता शिक्षा भोगून सुटल्यानंतर सहा वर्षांनी संपते. म्हणजे डागालाही मुदत असावी, हे तत्त्व आपल्या संसदेला ठाऊक आहे. ज्या इंग्रजांनी आपल्याला जुगाराचा हा कायदा दिला, त्यांनी स्वतःच्या देशात १९७४ साली दोषींच्या पुनर्वसनाचा कायदा केला. ठरावीक वर्षं माणूस नीट वागला की त्याची जुनी शिक्षा ‘संपली’ असं धरायचं आणि बहुतेक नोकऱ्यांसाठी ती सांगायची गरज ठेवायची नाही, असा तो कायदा. इंग्लंड-वेल्समध्ये आज प्रौढाला झालेला साधा दंड एका वर्षात असा संपतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्याने २०१८ साली किरकोळ नोंदी संगणकानेच आपोआप झाकून टाकण्याचा कायदा केला. अर्जही करावा लागत नाही, वकीलही लागत नाही. आमच्या वाडीतल्या मुलाचे दोनशे रुपये सरकारजमा होऊन तीन वर्षं झाली. त्याच्यासाठी कुठलाच काळ मोजला जात नाही.

मी त्याला विचारलं, “वयाबद्दल कोर्टात काही बोलला होतास का?”

“काय बोलायचं असतं?”

बोलायचं असतं. १९५८ चा परिवीक्षा कायदा, ज्याला वकील मंडळी प्रोबेशनचा कायदा म्हणतात, नेमका अशाच लोकांसाठी आहे. पहिलाच गुन्हा, दोन वर्षांपर्यंतच शिक्षा असलेला, आणि आरोपीचं वय, स्वभाव, परिस्थिती पाहता सोडणं योग्य वाटलं, तर कलम ३ प्रमाणे न्यायाधीश त्याला नुसती समज देऊन सोडू शकतात. कलम ४ प्रमाणे चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकतात. आणि कलम १२ सांगतं की असं सोडलेल्या माणसाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. या कलमालाही मर्यादा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली बक्षी राम खटल्यात स्पष्ट केलं की, अपात्रता गेली म्हणजे दोषसिद्धी पुसली गेली असं नाही. तरीही नोकरीच्या दारात ‘समज देऊन सोडलं’ आणि ‘शिक्षा’ या दोन शब्दांत फार अंतर आहे. ते अंतर मिळवायला एक ओळीचा तोंडी अर्ज पुरला असता. पण सात-आठ आरोपी एका वकिलाने एका दिवसात मोकळे करायचे असतात, तेव्हा ती ओळ कुणाला सुचत नाही. मला त्या वकिलाचा राग येत नाही. त्यालाही संध्याकाळची गाडी गाठायची होती. मला राग येतो तो ‘मोकळा’ या शब्दाचा.

कबुलीनंतर परतीची वाट फार अरुंद आहे. स्वतः गुन्हा कबूल केलेल्याला दोषसिद्धीविरुद्ध अपील करता येत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तसं होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ते तसंच आहे. शिक्षेचं प्रमाण किंवा तिची कायदेशीरता यापुरतं बोलता येतं, तेही रकमेची मर्यादा वगैरे बघून. उरतो पुनरीक्षण अर्ज. त्यासाठी इतक्या उशिराची माफी मागत सत्र न्यायालयाचा उंबरा चढायचा. दोनशे रुपयांच्या दंडासाठी हा खर्च कोण करणार?

*

कर्जत-खालापुरात संशयाची नोंद नवी नाही. इंग्रजी अमदानीत कर्जत तालुका ठाणे जिल्ह्यात होता, १८९१ च्या सुमारास तो कुलाब्यात आला. खालापूर त्याचाच पेटा. १८८२ च्या ठाण्याच्या गॅझेटियरात कातकऱ्यांबद्दल जे लिहिलं आहे, त्यात एका अख्ख्या जमातीकडे बघण्याचा सूर चोरीच्या संशयाचा आहे. खैराचा काथ पाडणारे म्हणून काथोडी, जंगलावर जगणारे लोक. जंगल राखीव झालं, काथाचा धंदा गेला, मग कोळशाच्या भट्ट्या आणि वीटभट्ट्या, आगाऊ उचल आणि त्या उचलीत अडकलेली वर्षं. आज केंद्र सरकारच्या यादीत कातकरी ही विशेष असुरक्षित आदिम जमात आहे. गावात मोटारीचं पितळ गेलं, आंबे गेले, कुणाची कोंबडी गेली, की अजूनही पहिली विचारपूस कातकरवाडीत होते. हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे.

जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा कायदा १८७१ साली आला आणि १९११ च्या सुधारणेनंतर मुंबई इलाख्यातही लागू झाला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभरातून गेला. त्या जमातींना आपण ‘विमुक्त’ म्हणू लागलो. पण मुंबई राज्याने १९५९ साली सराईत गुन्हेगारांचा स्वतंत्र कायदा केला, आणि पोलीस ठाण्यातल्या वहीत जुनी नावं नव्या मथळ्याखाली राहिली. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०२४ रोजी अमानतुल्ला खान प्रकरणात या वह्यांकडे, म्हणजे हिस्ट्रीशीटकडे, लक्ष दिलं. मागास आणि भटक्या-विमुक्त समाजातल्या निरपराध माणसांची नावं केवळ पूर्वग्रहापोटी अशा वह्यांत येतात, ते थांबवण्यासाठी धोरण तपासा, असं न्यायालयाने सर्व राज्यांना सांगितलं. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर तुरुंगांतला जातीवर आधारलेला भेद घटनाबाह्य ठरला. ‘सराईत’ हा शब्द विमुक्त जमातींना चिकटवण्याच्या प्रथेवरही त्या निकालात कठोर बोट ठेवलं आहे.

जंगलाच्या बाबतीत एक उलटी गोष्ट इथे दिसते. लाकडाची मोळी किंवा झाप शाकारायला तोडलेलं साग-ऐन सापडलं, तर वनखातं बहुतेक वेळा १९२७ च्या वन कायद्याच्या कलम ६८ प्रमाणे तडजोडीची रक्कम घेतं आणि पावती देतं. पैसे दोनशेहून कितीतरी जास्त जातात, माणसं चरफडतात. पण त्या पावतीने प्रकरण मिटतं आणि दोषसिद्धी होत नाही. कोर्टात भरलेला स्वस्त दंड मात्र महाग पडतो. वाडीतल्या कुणाही माणसाला हा फरक माहीत नाही. शाळा-कॉलेजांतही तो कुणी शिकवत नाही.

*

गुन्ह्याची नोंद किती फिरू शकते हे कर्जतइतकं दुसऱ्या कुठल्या तालुक्याला ठाऊक नसेल. माथेरानला जन्मलेले वकील विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे आमचे भाई कोतवाल. सावकारीने पिचलेल्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्यकोठ्या काढल्या. १९४२ साली ते भूमिगत झाले. आझाद दस्त्यातल्या साथीदारांबरोबर त्यांनी मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. त्यांना पकडून देणाऱ्यास सरकारने इनाम लावलं. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळ्यांनी ते आणि मानिवलीचे हिराजी पाटील हुतात्मा झाले. त्या दिवशीच्या पोलीस दप्तरात ते फरारी गुन्हेगार होते. आज दर २ जानेवारीला सिद्धगडावर माणसं चढत असतात.

आणि त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट पुढची आहे. स्वातंत्र्यसैनिकांना केंद्राचं सन्मान निवृत्तिवेतन सुरू झालं, तेव्हा भूमिगत राहिलेल्यांनी पुरावा काय द्यायचा? तर फरारी घोषित झाल्याची नोंद, डोक्यावर लागलेलं इनाम, किंवा न बजावलं गेलेलं स्थानबद्धतेचं फर्मान. जो कागद एके काळी माणसाला घरी येऊ देत नव्हता, तोच सन्मानाचा दाखला झाला. तोवर किती जणांची दप्तरं वाळवीने खाल्ली असतील, किती जणांनी भीतीपोटी स्वतःच ती जाळली असतील, हा विचार मला दर वेळी छळतो. १९३० साली चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात गोळी लागून पडलेले नाग्या महादू कातकरी हे आपल्याच जिल्ह्यातले. त्यांच्या जमातीवर सरकारचा संशय होता आणि मरण मात्र त्यांनी देशासाठी पत्करलं. वाडीतल्या त्या मुलाची पत्त्यांची केस मी या माणसांच्या पंगतीला बसवत नाही. नोंद करणारा हात जो अर्थ लिहितो, तोच कायमचा असतो असं नाही, एवढंच मला यातून दिसतं.

*

दाखल्यासाठी हेलपाटे घालणारे सगळेच वाडीतले नसतात. या दोन तालुक्यांत जमिनींना सोन्याचा भाव आल्यापासून भाऊबंदकीच्या फिर्यादी वाढल्या, असं इथले वकील सांगतात आणि मला ते पटतं. सातबारावर नाव राहिलं, बहिणीची सही घेतली नाही, बांध सरकला. मग शिवीगाळ, धक्काबुक्की, कोयत्याची धमकी. गुन्हा दाखल. पुढे पाच वर्षांत दोन्ही घरांत लग्नं होतात, वैर विरतं, पण केस चालूच. अशाच एका केसमधून नऊ वर्षांनी निर्दोष सुटलेले एक गृहस्थ कर्जत स्टेशनबाहेर भेटले. निकालाची नक्कल त्यांनी लॅमिनेट करून घेतली होती आणि ती पान-सुपारीच्या पिशवीत कायम बरोबर असते. “कधी कुणी विचारील सांगता येत नाही,” म्हणाले. निर्दोष सुटलेल्या माणसाने निकाल प्लॅस्टिकमध्ये घालून फिरावं, ही गोष्ट माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

अशा लोकांसाठी वाटा आहेत, त्या नीट कळल्या पाहिजेत. साधी दुखापत, शिवीगाळ, धमकी असे पुष्कळ गुन्हे तडजोडयोग्य आहेत. आधी फौजदारी संहितेचं कलम ३२०, आता नव्या संहितेचं ३५९. फिर्यादीने कोर्टात तडजोड केली की तिचा परिणाम निर्दोष मुक्ततेचा होतो. कबुलीचा परिणाम दोषसिद्धीचा. दोन्हीही त्याच दिवशी घरी पाठवतात, पण एक निरंकाकडे जाते आणि दुसरी उलट दिशेला. हत्याराने दुखापत, म्हणजे जुनं कलम ३२४, २००९ च्या अखेरीपासून तडजोडीच्या यादीतून निघालं. तिथे दोन्ही बाजूंनी शपथपत्रं करून मुंबई उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करून घ्यावा लागतो. जुनं कलम ४८२, नवं ५२८. ग्यान सिंग खटल्यात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगी स्वरूपाच्या भांडणांसाठी हे दार मोकळं केलं. खून, बलात्कार, दरोड्यासारख्या गुन्ह्यांसाठी ते बंद ठेवलं, आणि ते बरोबरच आहे. कर्जतकराला हे हायकोर्ट लांब वाटत नाही. लोकलमध्ये जागा मिळाली तर दोन-सव्वादोन तासांत फोर्टात. त्यापेक्षा अलिबागला जिल्हा पोलीस कार्यालयात जाऊन येणं जास्त दमवतं. लांब असते ती फी.

तपासातच काही न निघाल्यास पोलीस ‘समरी’ पाठवतात. ही मुंबई इलाख्याची खास पद्धत आहे. ‘अ’ म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, ‘ब’ म्हणजे फिर्याद खोडसाळ, ‘क’ म्हणजे गैरसमजातून झालेली किंवा मुळात दिवाणी बाब. न्यायदंडाधिकाऱ्यांनी ती मान्य केली की प्रकरण संपतं. ज्याच्यावर गुन्हा होता त्याला मात्र कुणी कळवत नाही की तुझी ‘ब’ समरी मंजूर झाली. तो वर्षानुवर्षं स्वतःला आरोपी समजत राहतो. निकालाची किंवा समरीच्या आदेशाची नक्कल काढून ठाण्यात अर्जाबरोबर द्यावी, पोच घ्यावी आणि नोंद अद्ययावत झाली का ते पाहावं. हे काम आपलं आपणच करायचं असतं.

चॅप्टर केसबद्दलही गैरसमज आहे. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीआधी शांतता राखण्यासाठी दोन्ही गटांच्या माणसांकडून बंधपत्रं घेतात. ती दोषसिद्धी नव्हे. बंधपत्राची मुदत संपली की तिचा अंमल संपतो. तरी चौकशीला आलेला अंमलदार “तुमच्यावर चॅप्टर झालीय ना?” असं विचारतो, तेव्हा माणसं खाली बघतात.

*

एका वयापुरता मात्र आपल्याकडे खरोखर पुसणारा कायदा आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या तत्त्वांतच ‘नव्याने सुरुवात’ हे तत्त्व लिहिलेलं आहे. अठराच्या आतल्या मुलाला कलम २४ प्रमाणे दोषी ठरल्याची अपात्रता लागत नाही, आणि अपिलाची मुदत किंवा नियमातली सात वर्षं उलटल्यावर नोंदी नष्ट करायच्या असतात. निर्घृण गुन्ह्यात प्रौढ म्हणून खटला चालवलेल्या सोळा ते अठरा वयाच्या मुलांचा अपवाद आहे. कलम ७४ तर पोलिसांना स्पष्ट बजावतं की, प्रकरण संपलं असेल तर चारित्र्याच्या दाखल्यासाठी मुलाची नोंद उघड करायची नाही. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलात निवड झालेल्या एका उमेदवाराचं लहानपणचं प्रकरण २०१९ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. रमेश बिष्णोई नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या निकालात न्यायालय मुलाच्या बाजूने उभं राहिलं. हा कायदा वाचताना मला वाटतं, आपल्याला पुसता येत नाही असं नाहीच. अठराव्या वाढदिवशी आपण खोडरबर काढून घेतो, एवढंच. आमचा मुलगा त्या रात्री एकोणीस वर्षांचा होता.

सरकारला मनात आलं की घाऊकही पुसता येतं. राजकीय-सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेण्याचे शासन निर्णय महाराष्ट्रात वेळोवेळी निघाले आहेत. जीवितहानी नको, मालमत्तेचं नुकसान मर्यादेत हवं, अशा अटी घालून समिती शिफारस करते, सरकारी वकील अर्ज करतात, कोर्ट संमती देतं. कोरोनाच्या टाळेबंदीत हजारो लोकांवर भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली गुन्हे दाखल झाले होते. ते मागे घेण्याचा निर्णय २०२२ साली तेव्हाचे गृहमंत्री दिलीप वळसे पाटील यांनी जाहीर केला. कारण काय दिलं? विद्यार्थ्यांना आणि नागरिकांना पासपोर्टला, नोकरीला, चारित्र्य पडताळणीला अडचण येते. मला तो निर्णय मनापासून पटला. द्रुतगती मार्गावरून खोपोलीच्या घाटातून डोक्यावर गाठोडी घेऊन चालणारी माणसं आम्ही त्या वर्षी पाहिली होती. सर्वोच्च न्यायालयानेही ९ जून २०२० रोजी अशा स्थलांतरितांवरचे गुन्हे मागे घेण्याचा विचार करा, असं राज्यांना सांगितलं होतं. पण जे कारण १८८ ला लागू आहे, ते १२(अ) ला का लागू नाही? पत्ते खेळणाऱ्यांचं आंदोलन नसतं, म्हणून?

दरम्यान नोंद कागदावरून पडद्यावर गेली. २०१६ च्या न्यायालयीन आदेशाने, संवेदनशील गुन्हे वगळता, प्राथमिक माहिती अहवाल चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकावा लागतो. आरोपीला आपल्यावर काय आरोप आहे हे लगेच कळावं म्हणून तो आदेश होता, आणि तो चांगला आहे. कोर्टांच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की खटला दिसतो. २०२२ च्या ओळख कायद्याने गोळा केलेले ठसे आणि मोजमापं ७५ वर्षं ठेवता येतात. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला तर ती नष्ट करावीत असं त्याच कायद्यात आहे, पण झाली का, हे विचारायला वाडीतून कोण जाणार? मद्रास उच्च न्यायालयात निर्दोष सुटलेल्या एका माणसाने निकालातलं आपलं नाव झाकण्याची मागणी केली, तेव्हा २०२१ साली एकल न्यायाधीशांनी म्हटलं की यासाठी कायदा हवा. पुढे खंडपीठाने त्याचं ऐकलं. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०२४ साली त्या आदेशाला स्थगिती मिळाली.

*

त्या मुलाला ज्या खासगी सुरक्षा एजन्सीने परत पाठवलं, तिचं नाव मी लिहीत नाही, कारण दुसरीनेही तेच केलं असतं. २००५ चा खासगी सुरक्षा एजन्सींचा कायदा सांगतो की, रक्षकाच्या चारित्र्याबद्दल एजन्सीची खात्री पटली पाहिजे. न्यायालयाने दोषी ठरवलेल्याला रक्षक म्हणून नेमू नका, असंही तो म्हणतो, मग दंड दोनशे रुपयांचा का असेना. आणि रांगेत मागे निरंक दाखला घेऊन दुसरा उभा असतोच.

माझ्या ओळखीच्या एका वकीलबाईंकडे मी त्याला नेलं. त्यांनी आधी रागावून घेतलं: “अरे, तू अनुसूचित जमातीचा. तुला फुकट वकील मिळतो, उत्पन्नाची अटसुद्धा नाही. तालुका विधी सेवा समिती कोर्टातच बसते. पंधरा-एकशे या नंबरला फोन केला असतास तरी चाललं असतं.” मग कागद वाचला. पुनरीक्षणाचा प्रयत्न करता येईल, पण उशीर फार झालाय, भरवसा देत नाही, म्हणाल्या. “आणि हे बघ, यापुढे कुठल्याही फॉर्मवर लपवायचं नाही.”

लपवायचं नाही, यामागे न्यायालयाचं बळ आहे. २०११ साली दिल्ली पोलिसांतल्या भरतीचं संदीप कुमार प्रकरण आलं. जुनी मारामारीची केस लपवणाऱ्या उमेदवाराला माफ करताना न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांनी व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतल्या, पाव चोरल्याचा डाग आयुष्यभर वागवणाऱ्या ज्याँ वालज्याँची आठवण काढली होती. पुढे २०१६ साली अवतार सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींनी नियम बांधून दिले. माहिती खरी द्यावी, आणि खरी दिलेली असेल व बाब क्षुल्लक असेल तर मालकाने विवेक वापरून ती नजरेआड करावी. उमेदवाराने खरं लिहिलं तरी मालकाला नेमण्याची सक्ती नाही. लपवलं तर मात्र नंतर काढून टाकायला त्याच्या हातात आयतं कारण मिळतं.

वकीलबाईंनी दुसऱ्या एका कारखान्याचा छापील अर्ज ठेवला होता. तिथे गेटवर नाही, पॅकिंगला माणसं हवी होती. मुलगा टेबलाच्या कोपऱ्यावर बसून लिहू लागला. नाव, आईचं नाव, जन्मतारीख हे भराभर झालं. आठव्या रकान्यात प्रश्न होता, आपणांस कधी न्यायालयाने शिक्षा केली आहे काय? असल्यास तपशील. तिथे पेन थांबलं. बाईंनी काही सुचवलं नाही, त्या दुसरी फाईल बघत राहिल्या. त्याने आधी ‘होय’ लिहिलं. अक्षर सुरेख होतं. मग तपशिलासाठी आखलेली ओळ बोटाने मोजली. ती पुरणार नव्हती.

“काका,” तो म्हणाला, “पत्ते होते असं लिहू की नुसतं कलम लिहू?”

“दोन्ही लिही,” वकीलबाई फाईलमधून वर न बघता म्हणाल्या. “आणि गणपतीची रात्र होती तेही लिही. जागा संपली तर मागच्या पानावर.”

त्याने कागद उलटा केला.